ग्राफीनचा ‘वॉटर-रिपेलंट’ स्प्रे मारला तर ग्रिल गंजायचं थांबेल का?

तुमचं घर मालवणला समुद्राच्या तोंडावर, ग्रिल दर दोन वर्षांनी गंजतं, आणि कुणीतरी पाणी झटकणारा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचा, स्प्रे सुचवलाय. मी लोखंडी कामात आणि रंगकामात बरीच वर्षं आहे. नुसता स्प्रे मारून तुमचा त्रास सुटणार नाही, पैसे घालवण्याआधी एवढं ऐका.

आधी घरीच करून बघा. स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या ज्योतीत धरून त्यावर चांगली दाट काजळी धरू द्या. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाका. अळवावरच्या पाण्यासारखा तो गोल होऊन घरंगळून जाईल. चमचा पेल्यातल्या पाण्यात बुडवलात तर काळा चमचा चांदीसारखा चमकेल, आणि बाहेर काढाल तर कोरडा. ती चमक काजळीत अडकलेल्या हवेची. आता काजळीवरून एकदा बोट फिरवा. बोट काळं, चमचा उघडा आणि पाणी पुन्हा पसरायला लागलेलं.

काजळीही ग्राफीनसारखी कार्बनचीच, पण यात कार्बनपेक्षा खडबडीतपणाचं काम मोठं आहे. काजळीचे कण नॅनोमीटरांत मोजायचे. त्यांच्या जाळीत हवा राहते आणि थेंब हवेवर बसतो. कमळाच्या पानाचंही असंच असतं, हे बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये नीट मांडलं. 2012 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मेणबत्तीच्या काजळीवर सिलिकाचं कवच चढवलं आणि 600 अंश सेल्सिअसवर आतली काजळी जाळून टाकली. टिकला तो सिलिकाचा लेप. काजळी फक्त साच्यापुरती होती.

पाणी लोखंडाला टेकलंच नाही तर गंज धरत नाही, इथवर जाहिरात खरी आहे. पण कोकणात पाणी फक्त थेंबाच्या रूपात येत नाही. दमट हवेतली वाफ त्या बारीक फटींत शिरते आणि पहाटे आतच दव धरतं. वरून मीठ. एकदा फटी भरल्या की हवेचा थर गेला.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. कार्बन वीज वाहतो, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड व कार्बन एकमेकांना लागून असले की झिजतं ते लोखंड. लेपाला छोटा ओरखडा पडला तर आजूबाजूच्या सगळ्या कार्बनचा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो. ग्राफीनचा थर दिलेलं तांबं सुरुवातीला छान टिकलं, पण काही महिन्यांनी उघड्या तांब्यापेक्षा जास्त खराब झालं, असं 2013 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं होतं. असंच एक गेट माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. काळा लेप सगळीकडे शाबूत, फक्त कडीखाली कुलूप आपटून बोटभर ओरखडा पडलेला. तिथे दाभण टोचलं तर टोक आत गेलं.

म्हणजे कार्बन वाईट असं नाही. इपॉक्सीत (दोन भाग मिसळून लावायच्या घट्ट रंगात) ग्राफीनचे पापुद्रे थोड्या प्रमाणात, एकमेकांना न टेकता मिसळलेले असतील तर पाण्याला आत शिरायला वळसे घ्यावे लागतात. त्याचा उपयोग होतो.

पण लोखंडाला लागून जस्तच हवं. ते कार्बनच्या बरोबर उलट वागतं: ओरखडा पडला तर आधी स्वतः झिजतं. पावसाळा संपला की ग्रिल गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ रंगाखाली राहून फोड आणतं. वाळल्यावर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी झिंक-रिच, म्हणजे जस्ताची पूड भरपूर असलेलं, प्रायमर मारा. रात्रभर उघडं ठेवू नका. त्यावर इपॉक्सी, आणि इपॉक्सी उन्हात भुकटते म्हणून शेवटी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग. स्प्रे हवाच असेल तर या सगळ्याच्या वर.

वेल्डिंगचे सांधे आणि पट्टी चौकटीत शिरते ते खालचे कोपरे, इथे प्रायमरचा एक जादा हात ब्रशनेच द्या. मी उघडलेल्या बहुतेक ग्रिलांत गंज तिथूनच सुरू झालेला होता.