ब्लॉकचेनवरच्या वापरकर्त्यांचे सक्रियतेनुसार गट कसे पाडावेत, म्हणजे बक्षिसं योग्य माणसांना मिळतील?

नुसती व्यवहारांची संख्या मोजू नका, एवढं आधी सांगतो. फी नगण्य असलेल्या ब्लॉकचेनवर एक स्क्रिप्ट रात्रीत हजार व्यवहार उरकते. पत्ता, म्हणजे वापरकर्त्याचं वॉलेट (क्रिप्टोचं खातं), किती वेगवेगळ्या महिन्यांत सक्रिय होता ते बघा. सातत्याचं सोंग आणायला वेळ लागतो.

युनिस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या मंचाने सप्टेंबर 2020 मध्ये, एकदा जरी वापर केलेल्या पत्त्याला 400 युनि (त्यांचं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं) फुकट दिले. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून ते चाललं. आता लोक डझनभर वॉलेट उघडून दबा धरून बसतात. म्हणून मार्च 2023 मध्ये आर्बिट्रम या ब्लॉकचेन नेटवर्कने टोकन वाटताना गुण मोजले: 2, 6, 9 महिन्यांत व्यवहार असतील तर गुण चढते, आणि सगळे व्यवहार 48 तासांत आटोपलेले असतील तर एक गुण वजा! पात्रतेला किमान 3 गुण लागत. मला त्यातली ही वजाबाकीच जास्त आवडते.

तुम्हाला नवे, नियमित, जुने-पण-थंडावलेले असे तीन गट पुरेत. थंडावलेल्यांना टोकनपेक्षा परत यायचं कारण द्या. नुसतं टोकन दिलंत तर ते विकून मोकळे होतील. गट पाडण्याआधी एकाच पत्त्यावरून पैसे भरलेली आणि त्याच क्रमाने तेच व्यवहार करणारी वॉलेट एकत्र करा, नाहीतर एकच माणूस चाळीस ‘नियमित’ म्हणून मोजला जाईल. एक्स्चेंजमधून (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारातून) भरलेली मात्र यातून वगळा, तिथे हजारोंचा उगम एकच दिसतो. आणि नेमके निकष, कोण पात्र याची नोंद घेण्याची तारीख उलटल्यावरच जाहीर करा.