वॉक-इन कूलरचा कॉम्प्रेसर बदलू की अख्खी सिस्टीमच, आणि पैसे कुठून आणू?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणाऱ्यांचं रेस्टॉरंट आहे, वॉक-इन कूलर (माल ठेवायची, आत चालत जाता येईल अशी थंड खोली) 11 वर्षं जुना, त्याचा कॉम्प्रेसर दोन वर्षांपूर्वी बदलला होता आणि आता तोच परत ट्रिप होतोय. गेल्या वर्षभरात तीनदा गॅस भरला, एकदा रात्रीतून कूलर बंद पडून माल फेकावा लागला. नेहमीचा मेकॅनिक म्हणतो फक्त कॉम्प्रेसर टाकू, दुसरा व्हेंडर म्हणतो सगळंच काढा आणि नवीन बसवा, वर हप्त्याची सोय पण देतोय "फक्त 12 टक्क्यांनी". भाऊ म्हणतो हे सगळं सोडा, चार मोठे उभे फ्रीज घ्या. जागेचा करार अजून चार वर्षांचा आहे. प्रश्न असा की अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेले पैसे यात घालावेत का.

तुम्ही सगळे आकडे पाठवलेत ते बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "काय करू" विचारतात. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून तुमच्या नवीन सिस्टीमचं कोटेशन (कंडेन्सिंग युनिट म्हणजे कॉम्प्रेसर आणि कंडेन्सरचं बाहेरचं युनिट, आतला इव्हॅपोरेटर म्हणजे खोली गार करणारं कॉइल आणि पंखे, पायपिंग, कंट्रोल, फिटिंग सगळं धरून) म्हणजे 100 असं मानतो आणि बाकीचे आकडे त्याच मापात बसवतो. मग कॉम्प्रेसरचं कोटेशन झालं 35, गेल्या वर्षीचा रिपेअर आणि गॅसचा खर्च 14, फेकलेला माल 9, बाजूला ठेवलेली रक्कम 140, आणि धंदा चालो न चालो दर महिन्याला जाणारा खर्च, म्हणजे भाडं पगार लाइट वगैरे, साधारण 45.

आता 35 विरुद्ध 100 असं समोर ठेवलं की कोणीही 35 च निवडेल, आणि मेकॅनिकने तुमच्यापुढे तेच ठेवलंय. पण हा 35 चा आकडा अर्धवट आहे. दोन वर्षांत कॉम्प्रेसर मरतो तो उगाच मरत नाही, बरा कॉम्प्रेसर 10-15 वर्षं चालतो. तुमच्याच मेलमध्ये उत्तर आहे, तीनदा गॅस भरला! गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपात फिरत राहतो, तो कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. आणि या बंद डब्याच्या कॉम्प्रेसरची मोटर परत येणाऱ्या थंड गॅसनेच गार राहते, गॅस कमी पडला की मोटर तापते, तेल पण नीट परत येत नाही, ट्रिप व्हायला लागते आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. म्हणजे गळती तशीच ठेवून नवीन कॉम्प्रेसर टाकला तर दोन वर्षांनी तुम्ही मला हाच मेल परत पाठवाल. त्यात मोटर जळाली असेल तर पाइपात अ‍ॅसिड तयार होतं, ते धुतलं नाही आणि फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि घाण धरणारी गाळणी) बदलला नाही तर नवा कॉम्प्रेसर दोन वर्षं पण काढायचा नाही.

तुम्ही लिहिलंय की इव्हॅपोरेटरच्या कॉइलच्या वळणावर तेलकट डाग दिसतो. गॅसबरोबर तेल फिरत असतं त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग पडतो, तेव्हा गळती बहुतेक तिथेच आहे (तरी लीक टेस्ट करून घ्याच, डागावरून कोटेशन देऊ नका म्हणावं). ते कॉइल बदलायचं म्हणजे मजुरी, सफाई, ड्रायर सगळं धरून अजून 22 तरी, व्हेंडरच्या तुटक दरांवरून मी काढलंय. म्हणजे रिपेअरचा खरा आकडा 57. बघा, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होत चाललाय.

तरीपण, आणि इथे व्हेंडरचं पण लगेच ऐकू नका, 57 हा 100 पेक्षा कमीच आहे. म्हणून मी चार वर्षांचा हिशोब मांडला, कारण करार चार वर्षांचा आहे.

रिपेअरच्या बाजूला 57 आत्ता, मग 11 वर्षं जुन्या बाकीच्या भागांवर दर वर्षी 7 तरी जातील म्हणजे 28, चार वर्षांत एकदा माल जाईल असं धरून 9, आणि लाइट. तुमचा कॉम्प्रेसर दिवसाचे 22-23 तास चालतोय असं लिहिलंत. कूलर डिझाइन करताना साधारण 16 ते 18 तास चालेल असं धरतात, तेव्हा हा जवळपास न थांबता पळतोय. रिपेअरनंतर तास कमी होतील पण जुना कंडेन्सर आणि जुने पंखे असताना नव्याएवढे नाही, म्हणून मी महिन्याला 0.3 जास्तीचं बिल धरलं, 48 महिन्यांचे झाले 14. एकूण 108.

नव्या बाजूला 100, त्यावर कर्जाचं व्याज 16 (कसं ते पुढे सांगतो), मेंटेनन्स वर्षाला 3 म्हणजे 12. एकूण 128.

म्हणजे सरळ बघितलं तर रिपेअर 20 ने स्वस्त. धक्का बसला ना? मला पण आधी वाटलं होतं की नवीनच जिंकणार. पण चार वर्षांनंतर दोन्हीकडे काय उरतं ते अजून धरलंच नाहीये. रिपेअर केलेली सिस्टीम तेव्हा 15 वर्षांची असेल, भंगाराच्या भावाने जाईल. नवीनवाली चार वर्षांचीच, नीट ठेवली तर अजून आठेक वर्षं चालणारी, तिची किंमत मी कंजूषपणा करून 35 धरली तरी नव्याचा खर्च 93 वर येतो आणि ते 15 ने पुढे जातं. पण हे 35 तुमच्या हातात कधी पडतील? करार वाढला तर, किंवा जाताना सिस्टीम काढून नेता आली तर. जागामालक म्हणाला की भिंतीला छताला लावलेलं सगळं माझं, तर ते 35 त्याचे.

म्हणून माझ्या मते तुमचा निर्णय कॉम्प्रेसरवर नाही, भाडेकरारावर अडलाय. करार काढून वाचा, बसवलेली मशिनरी काढून न्यायची परवानगी आहे का बघा, नसेल तर काम सुरू करायच्या आधी जागामालकाकडून एक पानाचं पत्र घ्या की कंडेन्सिंग युनिट, इव्हॅपोरेटर आणि पॅनेल (खोलीच्या भिंती-छताचे थंडी धरणारे तुकडे) ही भाडेकरूची मालमत्ता आहे. एकदा नवीन युनिट छतावर चढलं की मग असं पत्र कोणी देत नाही. करार आत्ताच वाढवून घेता आला तर अजूनच बरं. दोन्ही जमलं नाही तर मी सरळ सांगेन, कॉइल आणि कॉम्प्रेसर दोन्ही नीट बदला, 57 घाला आणि चार वर्षं काढा, फक्त कॉम्प्रेसरचा 35 चा अर्धा इलाज मात्र कुठल्याच परिस्थितीत करू नका.

एक गॅसचा मुद्दा पण आहे जो नव्याच्या बाजूने जातो. तुमच्याकडे आर-404ए आहे. हा गॅस हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 3900 पट उष्णता धरतो, आणि 2016 च्या किगाली करारानंतर असे गॅस जगभर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय, युरोपियन युनियनमध्ये तर 2020 पासून नवीन सिस्टीममध्ये तो बहुतेक ठिकाणी चालतच नाही. म्हणजे गळक्या सिस्टीममध्ये तुम्ही जो गॅस भरत बसणार तो पुढे सहज आणि स्वस्त मिळेल असं गृहीत धरू नका. नवीन घेताना व्हेंडरला कोणता गॅस ते आधी विचारा, आर-448ए किंवा आर-449ए असेल तर तो साधारण 1400 पट वाला, प्रोपेन म्हणजे आर-290 असेल तर जवळपास नगण्य पण तो पेट घेणारा, त्यामुळे किती भरायचा याला मर्यादा असते आणि काम त्याचं ट्रेनिंग घेतलेल्यानेच करायला हवं. जुन्या स्टॉकमधलं आर-404ए चं युनिट डिस्काउंटमध्ये देत असतील तर तो डिस्काउंट तुमच्यासाठी नाही, त्यांचं गोडाऊन रिकामं करण्यासाठी आहे.

आता पैसे. बाजूच्या 140 मधून 100 काढले तर उरले 40, तुमचा महिन्याचा पक्का खर्च 45. म्हणजे एक महिना धंदा थंड पडला की पगार अडकले. रेस्टॉरंटमध्ये हे मला अजिबात मान्य नाही, कूलर नवा आणि स्टाफ सोडून गेला याला काय अर्थ आहे. 30 तुमचे घाला, 70 कर्ज घ्या, 110 हातात राहतात म्हणजे जवळपास अडीच महिने. ते मला ठीक वाटतं.

पण ते कर्ज व्हेंडरच्या "12 टक्क्यां"वालं नको. तो फ्लॅट रेट आहे, मी कागद बघितला. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 70 वरच लागतं. तीन वर्षांचं व्याज 25.2, हप्ता महिन्याला 2.64, आणि शिल्लक रकमेवरच्या हिशोबाने हा रेट निघतो सुमारे 21 टक्के. तुमच्या बँकेने 14 टक्के सांगितलं ते शिल्लक रकमेवरचं आहे, त्यात हप्ता 2.39 आणि एकूण व्याज 16 च्या आसपास. ऐकायला 12 कमी आणि 14 जास्त, देताना मात्र 9 चा फरक उलट्या बाजूने. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर दंड किती हे दोन्हीकडे विचारा, त्याने थोडं इकडेतिकडे होईल पण एवढं अंतर भरून निघणार नाही. मुदत तीन वर्षांचीच ठेवा, पाच नको, जागा सोडल्यावर तिथल्या कूलरचे हप्ते भरत बसण्यासारखा वैताग नाही. घसारा आणि करात काय सूट मिळते ते अकाउंटंटला विचारा, ते तुमच्या नोंदणीवर अवलंबून आहे, मी त्याचा एक पैसाही हिशोबात धरला नाहीये.

खर्च 100 च्या खाली आणायची जागा पण आहे. व्हेंडरच्या "सगळंच काढा" मध्ये खोलीचे पॅनेल पण येतात का ते स्पष्ट विचारा. पॅनेल कोरडे असतील, सांध्यात पाणी किंवा फुगवटा नसेल तर 20 वर्षं पण जातात, ते बदलायचं काही कारण नाही. दाराचं रबर मात्र बघाच. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सुळकन निघून आली तर तिथून दिवसभर गरम हवा आत जातेय, असं चारी बाजूंनी करा. आणि बाहेरच्या युनिटचा फोटो पाठवलात त्यात कंडेन्सरच्या पत्र्यांवर जो राखाडी चिकट थर दिसतोय तो किचनच्या एक्झॉस्टचा तेलकटपणा आणि धूळ आहे, युनिट एक्झॉस्टच्या तोंडासमोरच बसवलंय! नवीन युनिट त्याच जागी बसवलं तर ते पण तसंच गुदमरणार. जागा बदलायला पाइप थोडा जास्त लागेल, तो खर्च करा.

कोटेशनबरोबर हीट लोडचा कागद मागा, खोलीचं माप, रोज किती माल किती तापमानाला आत जातो, दार किती वेळा उघडतं, बाहेर किती गरम असतं, यावरून कॅपॅसिटी काढलेली हवी. "जुनं एवढ्याचं होतं म्हणून आता एक साइज मोठं देतो" हे चालणार नाही, मोठं युनिट लगेच थंड करून बंद पडतं, सारखं चालू बंद होतं आणि आतला ओलावा पण नीट काढत नाही. आतले पंखे ईसी मोटरचे (कमी वीज खाणारी, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलची मोटर) घ्या, जुन्या साध्या शेडेड पोल मोटरपेक्षा खूपच कमी वीज खातात आणि त्या पंख्याची उष्णता परत कूलरलाच बाहेर काढावी लागते त्यामुळे फायदा दुहेरी.

भावाच्या उभ्या फ्रीजबद्दल. कल्पना वाईट नाही, चारातला एक बंद पडला तर तीन चालू राहतात, आणि जागा सोडताना ओढून न्यायला सोपे, म्हणजे माझा करारवाला मुद्दाच निकालात निघतो. पण तुमचा माल क्रेटमध्ये येतो, तो क्रेटमधून काढून फ्रीजमध्ये लावायला रोज एका माणसाचा वेळ जाईल, चार कॉम्प्रेसरची उष्णता किचनमध्येच सुटेल, आणि तुम्ही दिलेल्या मापावरून आत्ताच्या मालाच्या जेमतेम दोन तृतीयांश माल बसेल. एकच घ्या, आत्ताच. तो कूलरच्या बदली नाही, नवीन सिस्टीम बसेपर्यंत आणि पुढेही लवकर खराब होणारा महागडा माल त्यात ठेवायला. तोपर्यंत कूलरमध्ये अलार्म देणारं एक थर्मामीटर टाका, आतलं तापमान 5 अंशांच्या वर गेलं की मोबाइल वाजेल असं, त्याचा खर्च 1 पण नाही आणि मागच्या वेळी रात्री ते असतं तर ते 9 बहुतेक वाचले असते.

हे सगळं गर्मी वाढायच्या आधी उरका. भर उन्हाळ्यात जुनं युनिट बंद पडलं तर व्हेंडर सांगेल ती किंमत आणि सांगेल ती तारीख मान्य करावी लागते. जागामालकाशी या आठवड्यात बोला, तो काय म्हणतो ते कळवा, बँकेचा फॉर्म त्यानंतर भरू.