चित्रं काढता येत नाहीत. शॉर्टफिल्मसाठी स्टोरीबोर्ड, म्हणजे एकेका शॉटचं कागदावर चौकटीत काढलेलं चित्र, करावा का?

करा. काड्यांची माणसं चालतात. कोण कुठे उभं आहे, कुठे बघतंय, कॅमेरा जवळ की लांब, एवढं कळलं की झालं. सगळ्या फिल्मचा जमला नाही तर निदान संवादाच्या सीनचा तरी कराच.

आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माय-लेकाचं भांडण शूट केलं. आई डावीकडे, मुलगा उजवीकडे. दुपारी ऊन सरकलं म्हणून कॅमेरा उचलून पलीकडे नेला. एडिटला बसलो तर दोघंही एकाच दिशेला बघून भांडतायत! १८० अंशांची रेषा ओलांडली होती, म्हणजे दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा; कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा असतो. कागदावर दोन चौकटी काढल्या असत्या तर आधीच दिसलं असतं.

चौकट १६:९ चीच आखा, म्हणजे ८ सेंमी रुंद, साडेचार उंच. खाली शॉट नंबर लिहा. शूटिंग मात्र त्या क्रमाने नको; एका बाजूचे सगळे शॉट आधी उरका.