मग पहिला कोण?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. ‘सेकंड म्हणजे दुसरा, तर घड्याळातल्या सेकंदाच्या आधीचा पहिला कुठे गेला?’ असं तिनं विचारलं. मला सांगता येईना. शिवाय यजमानांना कंपनीकडून ‘ऑन सेकंडमेंट’ असं पत्र आलंय. त्याचाही वेळेशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, कराड

उत्तर : लेकीला आधी शाबासकी द्या. इतकी वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलं वहीत ‘सेकंड - दुसरा’ आणि ‘सेकंड - सेकंद’ अशा दोन ओळी लिहून मोकळी व्हायची.

पहिला म्हणजे मिनिट. लॅटिनमध्ये एका अंशाचे साठ भाग केले, त्यातल्या एकाला म्हणायचे ‘पार्स मिनुता प्रिमा’, पहिला बारीक भाग. त्याचे पुन्हा साठ केले की ‘पार्स मिनुता सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. पहिल्यातलं ‘बारीक’ तेवढं टिकलं, दुसऱ्यातलं ‘दुसरा’. आधी हे कोनाचं माप होतं, तासाला ते नंतर लागलं. आपल्याकडे अंश, कला, विकला आहेत त्या अगदी याच हिशेबाच्या. पंचांगातली घटिका-पळं मात्र वेगळी : घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं.

म्हणूनच मिनिटाचं स्पेलिंग तेच ठेवून ‘माय्‌न्यूट’ असा उच्चार केला की अर्थ होतो अतिसूक्ष्म. मोठ्यानं वाचताना चांगले चांगले इथे अडखळतात.

मराठीनं एक शहाणपणा केला. वेळेला सेकंद, बाकी सगळ्याला सेकंड. सेकंड शिफ्ट, सेकंडहँड स्कूटर, कापडातला किरकोळ दोषाचा सेकंडचा माल. इंग्रजीत हे सगळं एकाच शब्दाच्या गळ्यात. सभेत कुणी ‘आय सेकंड इट’ म्हणाला, तर तो आपल्या इतिवृत्तातला अनुमोदक. सूचकाच्या पाठोपाठ येतो म्हणून. मूळ लॅटिन धातूचा अर्थच ‘मागोमाग जाणे’.

‘वेट अ सेकंड’ म्हणणारा घड्याळ बघत नसतो. शास्त्रज्ञांनी मात्र १९६७ साली सेकंद बांधून टाकला : सीझियम-१३३ या अणूच्या ठरावीक प्रारणाची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० आवर्तनं. मुलीला हा आकडा पाठ करायला लावू नका.

आता यजमानांचं पत्र. त्याचा वेळेशी संबंध नाही. ब्रिटिश उच्चार ‘सिकाँडमेंट’, जोर मधल्या ‘काँ’वर. नोकरी मूळ ठिकाणचीच, काम काही काळ दुसरीकडे. सरकारी मराठीत याच्या जवळचा शब्द प्रतिनियुक्ती. मुदत संपल्यावर मूळ पदावर परत घेणार का आणि दरम्यान पगार कोण देणार, हे पत्रात लिहिलंय ना, तेवढं बघायला सांगा.