वाचक विचारतात : तळघरातला कोळशाचा बॉयलर

अमेरिकेच्या ईशान्य पेनसिल्व्हेनियातल्या लॅकवाना, लुझर्न, स्कूलकिल या काउंट्यांमध्ये अँथ्रासाइट या कठीण, मंद जळणाऱ्या कोळशावर चालणारे, घर तापवणारे स्टोकर बॉयलर (स्टोकर म्हणजे कोळसा आपोआप विस्तवात ढकलणारे यंत्र) अजूनही अनेक घरांत आहेत. तिथे जुने घर घेतलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी जास्त आले, त्यातले हे निवडक.

प्रश्न : आमचा स्टोकर सपाट जाळीचा आहे. राखेच्या डब्यात पाव डबा तरी काळा, न जळलेला कोळसा निघतो. फीड, म्हणजे कोळसा ढकलण्याचा वेग, कमी केला तर पाणी १६० अंश फॅरनहाइटवर जात नाही. काय करावे?

उत्तर : फीडचा स्क्रू तूर्त आहे तिथेच राहू द्या. फीड कमी केल्यावर ऊबही कमी होते आणि काळा कोळसा पडायचाही थांबत नाही, तेव्हा दोष बहुधा हवेत असतो. जाळीच्या बारीक भोकांतून पंख्याची हवा वर येते. कोळशाचा चुरा आणि राख त्या भोकांत बसते, काही चुरा भोकांतून खाली हवेच्या पेटीत साठतो, आणि वर टाकलेला कोळसा जळून व्हायच्या आतच पुढे ढकलला जातो.

वीज बंद करा आणि जाळी पूर्ण गार होऊ द्या. राखेसाठीच्या व्हॅक्यूमने वरचा थर काढा. भोकाच्या मापाचे ड्रिल बिट हातात धरून एकेक भोक मोकळे करा. मशीन लावू नका, भोके मोठी झाली की हवेचा तोल जातो. मग जाळीखालचे झाकण उघडून पेटीतला चुरा काढा आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ ब्रशने झाडा. जाळी आणि स्टोकरचे अंग यांच्यातली गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी पट्टी) कडक झाली असेल तर बदला, नाहीतर हवा कडेने निसटते. केवळ दोन्ही बाजूंना काळा पट्टा दिसत असेल तर गॅस्केटचीच शंका आधी घ्यावी.

हे झाल्यावर थर्मोस्टॅट चढवून बॉयलर सलग ४५ मिनिटे ते तासभर पूर्ण जोरात चालू ठेवा आणि जाळीचे पुढचे टोक पाहा. राख डब्यात पडण्याआधी टोकाशी साधारण १ ते दीड इंच विझलेल्या राखेची पट्टी असावी. लाल निखारे कडेवरून पडत असतील तर फीड थोडे कमी करा. पट्टी तीन-चार इंचांची असेल तर विस्तव आणखी कोळसा मागतो आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढचा बदल निदान तासाभराने करा. मंद जळणारा हा कोळसा आपले म्हणणे उशिरा सांगतो. कोळशाचे मापही तपासा. राइस आणि बकव्हीट ही तुकड्यांच्या मापांची नावे : राइस म्हणजे ३/१६ ते ५/१६ इंच, बकव्हीट म्हणजे ५/१६ ते ९/१६ इंच. मॅन्युअलमध्ये जे लिहिले आहे तेच घ्या.

प्रश्न : आमचा बॉयलर भांड्याच्या आकाराच्या बर्नरचा, खालून कोळसा ढकलणारा आहे. थंडीत छान चालतो, पण एप्रिलमध्ये रात्रीतून विझतो.

उत्तर : उष्णतेची मागणी नसताना विस्तव जिवंत ठेवण्याचे काम टायमर करतो. दर अर्ध्या तासाला तो दोन-तीन मिनिटे पंखा आणि फीड चालवतो. ही मिनिटे कमी पडली की निखारा खाली खाली जात विझतो. जास्त झाली की पाणी नको तितके तापते. अर्ध्या मिनिटाने वाढवा आणि पूर्ण एक दिवस तसेच ठेवून पाहा. भांड्याच्या कडेला राखेचे कडे आणि मध्ये जळता कोळसा, असे दिसले की टायमर नीट बसला. भांड्यात सळई खुपसून ढवळू मात्र नका. अँथ्रासाइट ढवळला की विझतो, आणि वितळलेली राख निखाऱ्यांत मिसळून खंगर (राखेचा कडक गोळा) होतो.

पाणी चढत राहिले तर जास्तीची उष्णता एखाद्या रेडिएटरकडे वळवणारा वेगळा ॲक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) प्लंबरकडून बसवून घ्या. ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हा शेवटचा पहारेकरी आहे, तापमान आवरण्याचे रोजचे साधन नव्हे.

प्रश्न : दमट, उबदार संध्याकाळी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतो. धूर तर दिसत नाही.

उत्तर : सगळ्यांनी आधी घराबाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. अँथ्रासाइट जवळजवळ धूरच करत नाही, म्हणून गळती डोळ्यांना दिसत नाही. बाहेरची हवा उबदार असली की धुराड्याची ओढ मंदावते आणि वायू घरात उलटतो. पुन्हा पेटवण्याआधी धुराडे आणि पाइप जाणकाराकडून तपासून घ्या. पाइपच्या आडव्या भागात आणि धुराड्याच्या तळाशी साचलेली उडती राख हे नेहमीचे कारण असते. मग धुराड्याची ओढ मोजणारा मॅनोमीटर लावा. ही ओढ इंच पाणी या दाबाच्या एककात मोजतात. विस्तवाच्या वर साधारण उणे ०.०२ ते ०.०४ इंच पाणी इतकी ओढ हवी. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. बॅरोमेट्रिक डँपरचे (ओढ आपोआप आवरणाऱ्या पाइपवरच्या झडपेचे) वजन विस्तव जळत असतानाच बसवा. बॉयलरच्या दारांच्या फटी बंद करणाऱ्या दोऱ्या दर हंगामाला पाहा. अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा.

प्रश्न : चंद्रपूर भागातला कोळसा अशा बॉयलरमध्ये चालेल का?

उत्तर : नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ज्वलनशील वायू आणि राख दोन्ही खूप जास्त असतात. अँथ्रासाइटमध्ये ते वायू फार थोडे, म्हणून तो निळसर ज्योतीने शांत जळतो. त्याच्यासाठी घडवलेल्या बर्नरमध्ये दुसरा कोळसा घातला की काजळी, धूर आणि खंगर.

प्रश्न : मे महिन्यात बॉयलर बंद करतो. बाकी काही करावे लागते का?

उत्तर : लागते, आणि त्याच आठवड्यात. राखेतले गंधकाचे क्षार तळघरातल्या ओलीशी मिळून आम्ल बनतात आणि एका उन्हाळ्यात धुराचा पाइप चाळणीसारखा करतात. पाइप सोडवून बाहेर झटका. बॉयलरच्या आतल्या पत्र्यांवरून ब्रश फिरवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि तेलाचा पातळ हात द्या. हॉपर (कोळशाची टाकी) आणि कोळसा ढकलणारा स्क्रू रिकामे करा. ओल्या चुऱ्याने स्क्रू गंजून अडकला की सप्टेंबरमध्ये शिअर पिन (गिअरबॉक्स वाचवण्यासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन) तुटते. तुटलेल्या पिनेच्या जागी खिळा किंवा पोलादी बोल्ट घालू नका, पुढच्या अडथळ्याला मग गिअरबॉक्स तुटेल. धुराड्याचे तोंड झाकून ठेवा आणि पेटवण्याआधी ते काढायची चिठ्ठी बॉयलरच्या स्विचवरच चिकटवा.