नगरपालिकेचं काम आणि आपले प्रश्न: घरफाळा, दाखले, बी-खातं, पाणी आणि बरंच काही

या वेळी निपाणी, खानापूर, संकेश्वर आणि बेळगावच्या उपनगरांतून प्रश्न आलेत. बरेच प्रश्न एकाच जागी अडकलेत, काम कुठल्या ऑफिसचं आणि कुठल्या टेबलावरचं हे माहीत नसल्यामुळं माणूस चार ठिकाणी फिरतो आणि शेवटी एजंट गाठतो. म्हणून उत्तरात आधी ऑफिस सांगतो, मग कागद.

प्रश्न (निपाणी): आईच्या नावावर जुनं घर आहे. घरफाळा कधी भरला तर सूट मिळते? आणि चलनावर घरफाळ्याशिवाय आणखी चार-पाच आकडे कसले असतात?

ताई, कर्नाटकात नगरपालिकेचं करवर्ष एक एप्रिलला सुरू होतं. एप्रिलमध्ये वर्षाचा सगळा कर एकदम भरला की ५ टक्के सूट, मे-जूनमध्ये भरला तर ना सूट ना दंड, आणि जुलै लागला की दर महिन्याला २ टक्के चढत जातं. कधी कधी सरकार सवलतीची मुदत वाढवतं, पण त्या भरवशावर थांबू नका.

चलनावरचे बाकीचे आकडे म्हणजे सेस, म्हणजे उपकर. आरोग्य सेस, ग्रंथालय सेस, भिकारी निवारणाचा सेस, शिवाय कचरा उचलायचं शुल्क. नगरपालिका ते मूळ कराबरोबर गोळा करते. मूळ कर ठरतो तो सब-रजिस्ट्रारच्या मार्गदर्शक दरावर, म्हणजे सरकारनं त्या भागातल्या जागेची जी किंमत धरली आहे त्यावर, आणि बांधकाम किती, कसलं, राहायला की धंद्याला यावर. इथं एक गोष्ट नक्की तपासा. जुन्या घराच्या नोंदीत बांधकामाचं वर्ष चुकलेलं असतं, नाहीतर मागची कौलारू पडवी आरसीसी म्हणून लागलेली असते, आणि माणसं वर्षानुवर्षं तेवढे पैसे जास्त भरत राहतात. आपल्याकडं स्वयंघोषणा पद्धत आहे, फॉर्म आपण भरायचा असतो, त्यामुळं माप आपलं आपण टेप लावून घ्या आणि फॉर्मशी ताडून बघा. फरक असेल तर महसूल विभागात दुरुस्तीचा अर्ज द्या, बिल कलेक्टरला तोंडी सांगून काही होत नाही. पैसे ऑनलाइन भरले तरी पावती प्रिंट काढून फाईलला लावा, खातं बदलताना मागच्या पावत्या मागतात.

प्रश्न (निपाणीजवळचं गाव): बाळाचा जन्म कोल्हापूरच्या दवाखान्यात झाला. आम्ही कर्नाटकातले. जन्मदाखला इथल्या नगरपालिकेतून मिळेल का? बाळाचं नावही अजून लागलेलं नाही.

नाही मिळणार दादा, आणि हा घोळ आपल्या सीमाभागात घरोघरी आहे. जन्म-मृत्यूची नोंद जिथं घटना घडली तिथंच होते, आपण राहतो कुठं याचा संबंध नाही. कोल्हापूर शहरात जन्म झाला तर नोंद कोल्हापूर महानगरपालिकेत, मिरजेला झाला तर तिकडच्या पालिकेत. बाळाची आई कर्नाटकातली असली तरी काही बिघडत नाही, फॉर्ममध्ये कायमचा पत्ता म्हणून तुमचं गाव येतं. मृत्यूलाही हाच नियम. घरातलं माणूस कोल्हापुरात उपचार घेताना गेलं तर दाखला तिकडूनच आणायचा, आणि वारस लावायला तो इथं चालतो.

दवाखान्यात झालेल्या जन्माची माहिती दवाखान्यानंच २१ दिवसांत कळवायची असते. तुम्ही डिस्चार्ज घेताना फक्त एवढं विचारा, नोंद पाठवली का, कधी पाठवली, आणि आई-वडिलांचं नाव कसं लिहिलंय ते स्वतः वाचा. २१ दिवस उलटून ३० दिवसांच्या आत गेलात तर थोडं विलंब शुल्क, त्यापुढं वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव लागलं नाही याची काळजी करू नका. नोंद झाल्यापासून वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदार यादी, लायसन, सगळ्याला जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, पूर्वीसारखं शाळेच्या दाखल्यावर भागत नाही.

आणि स्पेलिंग बघा, खरंच बघा. ज्ञानेश्वर हे नाव आपण इंग्लिशमध्ये डी-एन-वाय नं सुरू करतो, कन्नड शाळेत शिकलेला ऑपरेटर तेच जे-एन नं टाईप करतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, पण वडिलांच्या आधारवर एक, बाळाच्या दाखल्यावर दुसरं असं झालं की पुढं पासपोर्टच्या वेळी ॲफिडेव्हिट करत बसायला लागतं. त्यामुळं फॉर्म भरताना आधारची झेरॉक्स ऑपरेटरच्या समोर ठेवा आणि स्क्रीनवरचं अक्षर न अक्षर लावून घ्या. लाजू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न (बेळगाव उपनगर): आमचा प्लॉट गुंठ्यावर घेतलेला, एनए (बिनशेती) नाही. बी-खातं करून घ्या म्हणतात. केलं की प्लॉट कायदेशीर होतो का? शेजाऱ्यांचा तर बॉण्डवरच व्यवहार झालाय.

होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण या एका गैरसमजावर आपल्याकडं कितीतरी कुटुंबांची पुंजी अडकली आहे. बी-खातं म्हणजे नगरपालिकेनं तुमच्या मिळकतीची कर वसूल करण्यासाठी वेगळ्या रजिस्टरला केलेली नोंद. जमीन बिनशेती झाली नाही, लेआऊट मंजूर नाही, ही उणीव तशीच राहते. २०२५ मध्ये राज्य सरकारनं शहरी भागातल्या अशा मिळकतींसाठी मोहीम काढली, त्यात पहिल्या वर्षी दुप्पट घरपट्टी आणि पुढं नेहमीची, असं ठरवलं होतं. फायदा काय? मिळकत नोंदीवर येते, नंबर मिळतो, कराची पावती तुमच्या नावानं निघते. आणि आता ई-खात्याशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खात्याच्या नोंदीशिवाय, सब-रजिस्ट्रारकडं खरेदीखत होत नाही, त्यामुळं पुढच्या व्यवहारालाही त्याचा उपयोग. काय मिळत नाही? बांधकाम परवाना सहज मिळत नाही, आणि बऱ्याच बँका बी-खात्यावर कर्ज देत नाहीत.

तुमच्याकडं रजिस्टर खरेदीखत असेल तर बी-खातं जरूर करून घ्या. लागणारे कागद असे: खरेदीखत, ईसी (मिळकतीवरच्या बोजाचा दाखला), असेल तर कराची पावती, मिळकतीचा फोटो, मालकाचा फोटो आणि आधार, लाईट बिल. सिटी सर्वेत जागा असेल तर सीटीएस उताराही जोडा.

शेजाऱ्यांचं मात्र अवघड आहे आणि ते त्यांना आत्ताच कळलं पाहिजे. शंभर रुपयांच्या बॉण्डवर लिहून घेतलेल्या कागदानं मालकी येत नाही, नोटरी केली तरी येत नाही. त्या कागदावर खातं होत नाही. मूळ मालक हयात आहे तोवर त्याच्याकडून रजिस्टर कागद करता येतो का ते वकिलाला विचारा, तो गेला की त्याच्या प्रत्येक वारसाच्या सहीसाठी फिरायला लागतं, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईला असतात. आणि जे आता नवीन प्लॉट बघताहेत त्यांनी टोकन द्यायच्या आधी तीन गोष्टी मागा: एनए आदेश, मंजूर लेआऊट नकाशा, ई-खातं. एजंट म्हणाला 'नंतर होतंय की', तर तिथून उठा.

प्रश्न (निपाणी): पाणी दिवसाआड येतं, पहिली दहा मिनिटं गढूळ आणि वास येतो. व्हॉल्व्हमनला सांगितलं, तो म्हणतो लाईनमधलं आहे. म्हणजे काय?

तो खोटं बोलत नाही, पण ते उत्तर पुरेसं नाही. निपाणीला जवाहर तलाव आणि वेदगंगा, बेळगावला राकसकोप आणि हिडकल, मूळ पाणी कुठलंही असलं तरी शुद्धीकरण होऊनच निघतं. बिघडतं ते वाटेत. पाणी रोज थोडा वेळ सोडून बंद केलं की पाईप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते, मग जिथं जॉइंट गळका आहे आणि शेजारून गटार वाहतंय तिथून घाण आत खेचली जाते. पुढच्या वेळी पाणी सोडलं की तीच पहिल्या धारेला तुमच्या नळात. बेळगावात २००८ पासून दहा वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं त्याचा मोठा फायदा हाच होता, पाईप सतत भरलेला आणि दाबाखाली असला की बाहेरचं आत शिरत नाही.

आणि काकू, आता जरा कडू बोलतो. गल्लीत कुणी थेट नळाला मोटर लावत असेल तर हीच ओढ आणखी वाढते. मोटर त्याच्या घरी, घाण सगळ्यांच्या घरी. नियमानं ते बेकायदेशीर आहे आणि तक्रार करताना तेही लिहा, नाव घालायची गरज नाही, 'आमच्या गल्लीत तपासणी करा' एवढं बास.

काम असं करा. काचेच्या स्वच्छ बाटलीत पहिल्या धारेचं पाणी भरा, दुसऱ्या बाटलीत पंधरा मिनिटांनंतरचं, तारीख-वेळ चिकटवा, दोन्ही घेऊन पाणीपुरवठा विभागात जा आणि क्लोरीन तपासायला सांगा. नळाशी लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं हे मानक आहे, तपासायचं किट त्यांच्याकडं असायलाच पाहिजे, थेंब टाकले की रंगावरून तिथंच कळतं. क्लोरीन शून्य आलं तर लाईन फुटल्याची शंका धरायची आणि तोवर पाणी उकळूनच प्यायचं. गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या असतील तर पाणी विभागाबरोबर आरोग्य निरीक्षकालाही त्याच दिवशी कळवा, थांबू नका.

प्रश्न (खानापूर): खांबावरचा दिवा महिनाभर बंद. पट्टण पंचायत म्हणते हेस्कॉम (वीज कंपनी), हेस्कॉम म्हणतं पंचायत.

खांब आणि तार हेस्कॉमची, दिवा पंचायतीचा. नुसता दिवा गेला असेल तर पंचायत. गल्लीतली लाईटच गेली, तार लोंबते, ठिणग्या पडतात तर हेस्कॉम, नंबर १९१२. खांबावर रंगवलेला नंबर तक्रारीत लिहा, त्याशिवाय वायरमन शोधत बसतो.

प्रश्न (संकेश्वर): मराठीत अर्ज दिला तर घेत नाहीत, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणतात. मला कन्नड बोलता येतं, लिहिता येत नाही.

आजी, तुमचा अर्ज नाकारता येत नाही. गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येतं, हे राज्यघटनेच्या कलम ३५० मध्येच लिहिलंय. शिवाय जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं केंद्राचं जुनं धोरण आहे. आपल्या माणसाला साधी नोटीस वाचता येऊ नये आणि त्यावर मुदत उलटून दंड बसावा, हे मला सहन होत नाही, आणि त्यासाठी मागणी लावून धरलीच पाहिजे.

पण हक्क एकीकडं आणि काम होणं एकीकडं. टेबलावरचा क्लार्क बागलकोट नाहीतर विजयपूरचा असतो, त्याला मराठी खरंच वाचता येत नाही, तो अर्ज मग खाली दबून राहतो. म्हणून अर्ज मराठीतच लिहा, सही मराठीतच करा, आणि मागच्या बाजूला नातवाकडून चार ओळी कन्नडमध्ये लिहून घ्या: काय पाहिजे, कुठं, फोन नंबर. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घ्या. ती पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. दाखल्यांसारखी ठरावीक कामं राज्याच्या 'सकाल' (वेळेत सेवा) योजनेत येतात, त्यात अर्ज दिला की एक नंबर मिळतो, ठरलेले दिवस उलटले तर अपील करता येतं आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातून जाते म्हणून नंबरला किंमत आहे. बाकी तक्रारींना राज्याची १९०२ हेल्पलाइन. आणि माहिती अधिकार वापरणार असाल तर कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, मोठं लिहिलं की परत येतं.

प्रश्न (निपाणी): दुकानाचं लायसन रिन्यू करायचंय. बोर्ड मराठीत ठेवता येतो का?

व्यवसाय परवाना आर्थिक वर्षाचा असतो, ३१ मार्चला संपतो, फेब्रुवारीतच अर्ज करा. बोर्डाबद्दल २०२४ च्या दुरुस्तीनंतर नियम असा की ६० टक्के भाग कन्नड आणि तो वरच्या अर्ध्यात. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला मनाई नाही. नवीन बोर्ड करताना पेंटरला हेच प्रमाण द्या, म्हणजे पुन्हा खर्च नको.

प्रश्न (खानापूर): जातीचा दाखला नगरपंचायतीत मिळत नाही म्हणाले.

बरोबर सांगितलं. जात, उत्पन्न, रहिवास, वंशावळ हे सगळं तहसीलदारांचं, म्हणजे नाडकचेरीत (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस).

प्रश्न (बेळगाव): शौचालयाची टाकी भरलीय. पालिकेची गाडी लवकर मिळत नाही, एक माणूस पंधराशेत उतरून साफ करतो म्हणतो. करून घेऊ का?

नका करू दादा, कितीही घाई असली तरी नका. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो, जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणूस आत उतरल्यावर दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, उतरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'तो स्वतःहून उतरला' हे तिथं चालत नाही. असा मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई द्यायची असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय, पण त्या पैशानं त्याच्या पोरांना बाप मिळत नाही.

पालिकेच्या आरोग्य विभागात सक्शन गाडीची नोंद करा, पैसे काउंटरला भरून पावती घ्या, नाहीतर १४४२० वर फोन करा. टाकी काठोकाठ भरायची वाट न बघता तीन वर्षांनी एकदा उपसून घेतली की अशी घाई होत नाही. बोळ अरुंद असेल तर नोंद करतानाच सांगा, रस्त्यापासून टाकी किती फूट आत आहे, तेवढा जास्तीचा पाईप ते बरोबर घेऊन येतात.