नवीन टू बीएचकेमध्ये राउटर आणि फोनचा पॉइंट कुठे घ्यावा? टीव्ही युनिटमध्ये चालेल का?

टीव्ही युनिटमध्ये चालत नाही. उत्तर एवढ्यावरच संपवलं असतं, पण तुम्ही प्रश्नात पुढे लिहिलंय की ‘इंटिरिअरवाला म्हणतो डबा बाहेर दिसला की हॉलचा लूक जातो’, आणि ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या व्याह्यांच्या तोंडून ऐकलंय, माझ्याच मुलाच्या घरात उभं राहून.

मी टेलिफोन खात्यात लाइनवर होतो, आता रिटायर आहे. डीपीपासून (रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीपासून) घरातल्या रोझेटपर्यंतची (फोन जिथे जोडतात त्या डबीपर्यंतची) वायर हे माझं पोटापाण्याचं काम. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो काळ मी पाहिलाय. आम्ही दारात पोचलो की आधी चहा, मग काम. आणि फोन कुठे बसवायचा यावरून घरात वाद ठरलेला. म्हातारी माणसं म्हणायची बाहेरच्या खोलीत दाराजवळ बसवा, कारण अख्ख्या आळीचा पी.पी. नंबर, म्हणजे शेजाऱ्यांनी निरोपासाठी दिलेला नंबर, तोच, निरोप घ्यायला येणाऱ्यांना माजघरापर्यंत कशाला आणायचं? सुना म्हणायच्या आत बसवा, माहेरी दोन शब्द मोकळेपणाने बोलता येतात. मी कुणाचीच बाजू घ्यायचो नाही. वायर मात्र मी सांगेन तिथूनच जायची. मोरीच्या ओल्या भिंतीवरून नाही, पागोळ्यांखालून नाही, खिडकीच्या फटीत दाबून तर नाहीच. पावसाळा लागला की १९८ वरच्या तक्रारी ज्याला निस्तरायच्या असतात, त्याला जागेची किंमत कळते.

२००५ मध्ये त्याच तांब्याच्या जोडीवर ब्रॉडबँड आलं. तेव्हा २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डेटा त्याच्या बराच वर, म्हणून दोन्ही वेगळे करणारा स्प्लिटर लावायचा. लोकांनी घरभर एक्स्टेंशनं काढून ठेवलेली असायची, एक बेडरूममध्ये, एक गॅलरीत, आणि कुठेतरी फिल्टर नसलेला एखादा जुना फोन लटकत असायचा. मग तक्रार काय, तर रिंग वाजली की नेट जातं. मी ती सगळी एक्स्टेंशनं तोडायचो, लाइन सरळ स्प्लिटरवर आणायचो आणि तिथून पुढे एकच वायर फोनला द्यायचो. तक्रार बंद. तेव्हापासून माझं एक मत पक्कं आहे आणि फायबर आलं तरी ते बदललेलं नाही: नेटची निम्मी भांडणं कंपनीशी नसतातच, घरातल्या वायरिंगशी असतात.

आता मुलाच्या घराबद्दल. फ्लॅट वाकडला, इमारत मिवानची. भिंती विटांच्या नाहीत, ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकदम काँक्रीटमध्ये ओतलेलं. आतल्या भिंतींतसुद्धा सळईची जाळी. वीटभिंतीत झिरी मारून पाइप घालता येतो, इथे तो प्रश्नच नाही. जे पाइप ओतायच्या आधी टाकले तेवढेच तुमचे. आणि वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर अशा एखाद्या भिंतीतून रडतखडत तरी जाते, ५ ची एका भिंतीतच अर्धमेली होते. दोन भिंती मध्ये आल्या की मोबाइलवर दांड्या दिसतात, पान मात्र उघडत नाही.

व्याही बांधकामाचे ठेकेदार. माणूस मनाने मोठा. लेकीच्या घराचं इंटिरिअर त्यांनी हौसेने स्वतःच्या खर्चाने करून दिलं, आणि तिथेच माझी जीभ बांधली गेली. बिल्डरने टेलिफोनचे दोन पॉइंट दिलेले होते, एक हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीवर, एक मागच्या बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला. दोन्हींमधून आयता पाइप गेलेला. मी म्हटलं, यातली टेलिफोनची बारीक वायर ओढून काढा आणि तिच्याच टोकाला बांधून कॅट सिक्स, म्हणजे नेटची वायर, आत घ्या. तासाभराचं काम. त्यावर व्याही हसून म्हणाले, ‘अहो व्याहीबुवा, तारेचं युग संपलं तुमचं. आता सगळं हवेतून जातं.’ मी म्हटलं, हवेतून जातं हो, भिंतीतून जात नाही. पण ऐकतो कोण? बेडरूमचा पॉइंट पलंगाच्या हेडबोर्डमागे प्लायने बंद झाला. फायबर दाराशेजारच्या डक्टमधून येणार म्हणून कंपनीचा ओएनटी, म्हणजे ज्याला घरात सगळे राउटरच म्हणतात तो डबा, चपलांच्या कपाटात गेला. कपाटाच्या दाराला वरपासून खालपर्यंत आरसा. आरशाच्या मागे धातूचा मुलामा असतो हे मला इंटिरिअरवाल्याला सांगावं लागलं, आणि सांगूनही उपयोग झाला नाही.

मग २०२० साल आलं. सूनबाई आयटीत, मुलगाही आयटीत, दोघं घरी. मागच्या बेडरूममध्ये मीटिंग सुरू झाली की समोरच्या साहेबाचं तोंड उघडं राहून गोठायचं. सूनबाई लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर. थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की चपलांच्या कपाटाचं दार उघडं ठेवलं तर जरा बरं चालतं. तर ते दार कायम सताड उघडं, आणि दार वाजलं की येणाऱ्याला पहिलं दर्शन घरातल्या सगळ्या चपलाबुटांचं. ज्या लूकसाठी एवढं केलं तो हा लूक.

व्याह्यांनी रिपीटर पाठवून दिला. तो बेडरूममध्येच लावला, म्हणजे जिथे सिग्नल आधीच पोचत नव्हता तिथे. न ऐकू येणारा माणूस निरोप पुढे काय सांगणार? पॅसेजमध्ये आणला तर चालला, पण एकाच बँडवर ऐकायचं आणि त्याच बँडवर परत बोलायचं म्हटल्यावर वेग निम्म्याने कमी होतो, तसा तो झाला. मग दुसरा रिपीटर आला. मग कंपनीला शिव्या सुरू झाल्या. कंपनीच्या मुलाने येऊन फायबरमधल्या उजेडाचा जोर मोजणारा पॉवर मीटर लावून दाखवला, उणे वीस डीबीएमच्या आसपास, म्हणजे फायबर ठणठणीत. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं तर त्याचा दोष. तो बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काका, डबा बाहेर काढा.’

शेवटी मी स्वतः चपलांच्या कपाटापासून स्कर्टिंगवरून पांढरी कॅट सिक्स क्लिपा मारत पॅसेजपर्यंत नेली आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट करून (म्हणजे वायरीने आलेलं नेट वायफायने पसरवायला लावून) भिंतीवर चढवला. त्या संध्याकाळपासून मीटिंगा बेडरूममध्ये. दिवाळीला व्याही आले, सोफ्यावर बसले, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘ही वायर जरा बरी दिसत नाही हो.’ आजही ते सांगतात की तेव्हा कंपनीच खराब होती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ते या वेबसाइटवर असतात.

आता तुमचं. ओएनटी आणि वायफायचा राउटर ही दोन कामं आहेत आणि त्यांची जागा एकच असायला हवी असं नाही. ओएनटी जिथे फायबर घरात शिरतं तिथेच राहू दे, दाराजवळच्या कोपऱ्यात, पण हात पोचेल आणि वारा लागेल असा. फायबर मुडपू नका; सुताराने ड्रॉवर ढकलून चेपलं की सिग्नल तुटल्याचा लाल एलओएस दिवा लागतो आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद. वायफाय मात्र पॅसेजमध्ये, जिथून दोन्ही बेडरूमची दारं दिसतात त्या भिंतीवर, साधारण सहा-सात फूट उंचीवर. ओएनटीपासून तिथपर्यंत पाइपातून कॅट सिक्स. एक नव्हे दोन टाका, वायर स्वस्त आहे, भिंत पुन्हा फोडणं महाग. लाइटच्या वायरींच्या पाइपात ती घालू नका. वायरमन ‘होतंय की’ म्हणेल, त्याला वेगळाच पाइप टाकायला लावा.

टू बीएचकेत बहुतेक वेळा हॉल आणि मागच्या बेडरूमच्या मध्ये संडास-बाथरूम येतात. टाइल्स, पाइप, गीझर, वर लॉफ्टवर पाण्याची टाकी. त्यातून सिग्नल न्यायची वेळच येऊ देऊ नका. टीव्हीच्या मागे नको, टीव्हीच्या आत धातूचा पत्रा असतो. लोखंडी कपाटावर नको, फॉल्स सीलिंगच्या आत नको, तिथे डबा तापतो आणि बंद-चालू करायला शिडी लागते. वास्तुवाले विजेच्या वस्तूंना आग्नेय कोपरा सांगतात. आमच्याकडेही सांगितला होता. तिथे ओटा, ओट्यावर मायक्रोवेव्ह, आणि मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवरच गरम करतो. दूध तापेपर्यंत मीटिंग थांबवायची तयारी असेल तर खुशाल ठेवा.

राउटरला अँटेना असतील तर उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा आडवा पसरतो, टोकाकडे जवळजवळ काही नसतं. लोक अँटेना बेडरूमकडे रोखून ठेवतात, म्हणजे नेमकं भोक बेडरूमकडे.

विहीणबाईंचा आक्षेप रेडिएशनचा होता, तोही तुम्हाला घरात ऐकावा लागेल म्हणून सांगतो. राउटर साधारण एक दशांश वॅटने बोलतो, आणि अंतर दुप्पट झालं की जोर पाव होतो. पॅसेजच्या भिंतीवरच्या डब्यापेक्षा उशीखालचा मोबाइल कितीतरी जवळ असतो. त्या उशीखालच्याबद्दल कुणी बोलत नाही.

फोनच्या पॉइंटबद्दल तुम्ही विचारलंय ते बरं केलंत, हल्ली कुणी विचारत नाही. फायबरवर लँडलाइन ओएनटीच्या मागच्या फोन पोर्टमधून निघते. म्हणजे भिंतीतल्या टेलिफोन पॉइंटमध्ये आपोआप काही येणार नाही; ओएनटीपासून तिथवर जोडी ओढावी लागेल. त्यासाठी जुनी टेलिफोन वायर उत्तम चालते. फक्त ती बाहेरच्या डीपीपासून तोडलेली आहे याची खात्री करून घ्या. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पॉइंट त्याच्या पलंगाजवळ घ्या, हॉलमध्ये शोभेला नको.

एक मोठा फरक लक्षात ठेवा. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजच्या बॅटरीतून ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे गावभर दिवे गेले तरी फोन चालू असायचा. (जोडणी करताना रिंग आली की सत्तर-ऐंशी व्होल्टांचा झटकाही आम्हालाच.) फायबरमधून फक्त उजेड येतो, वीज येत नाही. दिवे गेले की फोन मुका. म्हणून ओएनटी आणि राउटर दोन्हींचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, ॲडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून आणा.

हे सगळं काँक्रीटच्या भिंतींचं सांगितलं. तुमच्या आतल्या भिंती ब्लॉकच्या किंवा चार इंची विटेच्या असतील आणि घर सहाशे-सातशे फुटांचं असेल तर एक बरा राउटर हॉलच्या पॅसेजकडच्या टोकाला उघड्यावर ठेवा, भागेल. माझं एवढं ऐकायची गरज नाही. भाड्याचं घर असेल तर भिंतीला हात लावू नका, स्कर्टिंगवरून वायर न्या. मेशचे, म्हणजे एकमेकांना जोडून चालणाऱ्या राउटरांचे, संच चांगले चालतात हेही खरं, पण त्यांनाही मागून वायर दिली तरच पूर्ण वेग मिळतो. काही कंपन्या ओएनटीत फार सेटिंग बदलू देत नाहीत, तेवढं कनेक्शन घेण्याआधी विचारा.

प्लास्टर किंवा प्लाय बंद व्हायच्या आधी प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, आणि मोजायची टेप भिंतीला लावून पाइप कुठून कुठे गेलाय त्याचे फोटो काढा. इंटिरिअरवाल्याला ते व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे तिथे हेडबोर्ड ठोकताना त्याला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.